मागचा पत्रा

कोल्हापूरच्या दुकानदारानं काउंटरवर दोन पत्रे ठेवले. एक कोरा. दुसऱ्याला खालनं काळी शीट चिकटवलेली. गाडीच्या किल्लीनं त्यानं कोऱ्यावर ठोकलं.

टण्ण.

मग दुसऱ्यावर.

थप.

"कळला फरक?"

मी त्याच्या हातातली किल्ली घेतली आणि स्वतः ठोकून बघितलं. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून मी कधी काय मानलं नाही. म्हणून तर नववीतनं बाहेर पडलो. मास्तरानं कानाखाली मारली, मी डस्टर फेकून मारला, विषय संपला. किल्ली जोरात मारली. थप. अजून जोरात. थप.

"काउंटर फुटंल," दुकानदार म्हणाला. "गाडी कुठली?"

"पिकअप."

तो हसला. मागं स्टुलावर बसलेला त्याचा माणूस पण हसला. "पिकअपला कोण लावतंय लेका हे? मी कारची कामं करतो. पिकअपमधी काय, गाणी लावून झोपणार हैस?"

"तुम्हाला विकायचंय का दात दाखवायचेत?"

मी तेव्हा सोळाचा होतो. आता एकोणीस पुरी झाली. तोंड अजून तसंच आहे, फक्त आता उघडायच्या आधी एकदा विचार करतो.

दुकानदाराचं हसू थांबलं तसं मी खरं काय ते सांगितलं. आमच्या आण्णांनी, म्हणजे वडलांनी, इचलकरंजीत सत्तावीस वर्षं कापडाचे लूम चालवले. लूमच्या शेडमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही, ओठ बघतात आणि हातानं खुणा करतात. त्या खडखडाटानं आण्णांचा डावा कान गेला, उजवा निम्मा राहिला. डॉक्टरनं सांगितलं, उरलेला राखायचा असेल तर लूमच्या शेडमध्ये पाय ठेवायचा नाही. म्हणून आण्णांनी लूम विकले आणि जुनी पिकअप घेतली. सायझिंगमधनं, सुताला खळ लावतात त्या कारखान्यातनं, सुताचे बीम भरायचे, शेडवर नेऊन उतरवायचे. पण त्या केबिनमध्ये कसली शांतता! डिझेलची घरघर, पत्र्याचा खडखडाट. संध्याकाळी घरी आले की आण्णा आमच्या तोंडाकडं बघत बसायचे. आई पाठमोरी बोलली की त्यांना कळायचंच नाही. आईनं पाठमोरं बोलणं सोडलं होतं.

"उरलेला कान वाचवायचाय," मी म्हणालो.

दुकानदारानं कागद ओढला आणि केबिनचं चित्र काढलं. डांबराची शीट स्वस्त, पण मी नाकाला लावून बघितली, रस्ता करताना येतो तसला वास. उन्हात ओघळणार ही. दुसरी रबराची, एका बाजूला चंदेरी कागद, अंगठा दाबला की ठसा उठायचा आणि हळूहळू भरून यायचा. मी ती घेतली. माझी सायकल विकली होती, तेवढ्यात बसत होतं.

"आवाज कुठनं येतोय ठावं हाय काय?" त्यानं पेननं दाखवलं. "पायाखालनं, नि पाठीमागनं. मागं काच हाय?"

"बीम लागून फुटली गेल्या वर्षी. तिथं पत्राच मारून घेतलाय."

"मग झालंच की. ढोलच तो. पाठीमागं पयला लाव."

"मागं डबल लावतो," मी म्हणालो.

"डबल लाव," तो म्हणाला. "कायबी ऐकू येणार न्हाई."

*

दस्तगीरचाचा सकाळीच आला. आण्णांच्या शेजारच्या लूमवर तो पंधरा वर्षं होता. आण्णांनी पिकअप घेतली तसा तो पण लूम सोडून आमच्यात आला. बीम भरायचा, बीमबरोबर मागं उभा राहायचा, उतरवायचा. एक बीम म्हणजे माणसाच्या उंचीचं लोखंडी नळकांडं, दोन बाजूंना चकत्या, मधे गच्च गुंडाळलेलं सूत. पाच माणसं लागायची उचलायला. सुटला तर रस्त्यावरचा रोलर. म्हणून खाली लाकडी पाचरी, वरनं दोर, आणि मागं चाचा. त्याच्या बोटात स्टीलची जाड अंगठी होती. केबिनच्या मागच्या पत्र्यावर अंगठीची एक थाप म्हणजे चल, दोन म्हणजे थांब. आण्णांना तेवढं पुरायचं.

"काय रं पारश्या, गाडीला गादी घालालैस?" चाचानं विचारलं.

"हात लाव, नुसतं बोलू नको."

"आईचं लाटणं घेऊन बसलाय बघा! आता चपातीला थिनरचा वास येणार म्हणायचा."

लाटणं शीट दाबायलाच आणलं होतं. आम्ही सीट बाहेर काढली, पत्रा थिनरनं पुसला, शीट उन्हात ठेवून मऊ केली. संक्रांत नुकतीच झाली होती, ऊन कोवळं होतं, वेळ लागत होता. मी कापायचो, चाचा लावायचा. मागच्या पत्र्याला लाटणं नीट फिरेना, कोपरे अडचणीचे. चाचा म्हणाला सरक, आणि आत गुडघ्यावर बसून तळहातानं वरनं खालपर्यंत दाबत गेला. एक थर. मग दुसरा थर. प्रत्येक बुडबुडा त्यानं अंगठीच्या कडेनं फोडला.

"तुझ्या आण्णाला आता माझं गाणं ऐकाय लागणार बघ."

"तू मागं असतोस चाचा, गाणं कुठनं ऐकणार?"

"मागनं म्हणतो की मोठ्यानं."

दोघं हसलो. मी दिवसभर त्या गाडीत होतो. माझी नजर अशी की रस्त्यावर पडलेला नटबोल्ट पण दिसतो. पण ते मला दिसलं नाही. चाचाला पण दिसलं नाही, आणि तो तर रोज त्या पत्र्यावर थाप मारायचा.

संध्याकाळी आण्णा आले. सीट बसवून झाली होती. मी त्यांना बसवलं, शेजारी बसलो, काच वर केली. गाडी रिकामीच कबनूरच्या रस्त्याला घेतली. वळणाला आण्णांनी ब्रेक मारला आणि कान वळवला.

"काय वाजालंय रं हे? टिकटिक?"

"इंडिकेटर हाय आण्णा."

"ह्यो वाजतोय व्हय?"

"सगळ्या गाड्यांचा वाजतोय."

"दोन वर्षं झाली गाडी घेऊन," आण्णा म्हणाले. आणि पुढचं वळण नसताना पण त्यांनी इंडिकेटर लावला. टिकटिक, टिकटिक. मी तिकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मी रडलो असतो आणि ते मला चाललं नसतं.

घरी पोचेपर्यंत आम्ही तोंडाकडं न बघता बोललो. आण्णा रस्त्याकडं बघत होते, मी पण रस्त्याकडं.

*

दुसऱ्या दिवशी दोन बीम भरले, यड्रावला एका शेडवर न्यायचे होते. रोज मी केबिनमध्ये बसायचो. त्या दिवशी मागं चढलो, कारण आण्णांना एकट्याला ती शांतता घेऊ दे असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मोबाईल बघायचा होता. केबिनच्या पाठीला टेकलं की सावली असते. ती चाचाची जागा. मी तिथं बसलो.

"माझी जागा घेतलीस व्हय?" चाचा म्हणाला. "बस. पण थाप तुझ्याकडं आता. ध्यान ठेव."

"बरं बरं."

तो दोन्ही बीम ओलांडून मागं फाळक्याच्या फळीजवळ गेला. सायझिंगच्या दारात वॉचमननं हात केला तशी गाडी निघाली. थाप मारायची वेळच आली नाही.

पुलाच्या चढाला आण्णांनी गिअर टाकून जोर केला. भरलेल्या गाडीला चढावर थांबून चालत नाही. मला लाकडाचा आवाज आला, करकरीत. मागच्या बीमखालची पाचर चिरली होती. बीम वितभर मागं सरकला. दोर ताणला आणि तुटला.

चाचानं दोन्ही हात लावले. गुडघा लावला.

"पारश्या, थाप मार!"

मी वळलो आणि पत्र्यावर मारल्या. दोन. परत दोन. मुठीनं. थप थप. थप थप. गाडी चढतच होती. मी मोबाईल टाकला आणि दोन्ही मुठींनी बडवायला लागलो. थप थप थप थप. हाताची साल निघाली ती मला नंतर दिसली.

"मार की रं!"

"मारतोय!"

"आण्णा!" मी बाजूनं वाकून ओरडलो. ड्रायव्हरच्या खिडकीची काच वर होती. आधी ती काच कधी वर नसायची. आरशात आण्णांचा गाल दिसला, निवांत. मी पुढचा बीम ओलांडून जायला गेलो, तेवढ्यात चाचाचा हात सटकला. तो काय ओरडला नाही. नुसता 'हं' म्हणाला, जड पोतं उचलताना माणूस म्हणतो तसं. बीम त्याला घेऊन फाळक्यावर बसला.

पुलाच्या डोक्यावर एका मोटरसायकलवाल्यानं आडवी गाडी घालून आण्णांना थांबवलं.

मी उडी मारून खाली आलो आणि केबिनचं दार ओढून उघडलं. आतनं गाणं आलं, रेडिओवरचं, बारीक आवाजातलं. आण्णांच्या ओठावर पण तेच गाणं होतं. गाडीत आण्णांनी कधी रेडिओ लावला नव्हता.

आण्णांना मी जन्मापासून अहो-जाहो करत आलो. आमच्यात तसंच आहे.

"भैरा हैस काय रं तू?" मी ओरडलो. "भैऱ्या! किती बडवलं मी! किती बडवलं!"

पुलावर गर्दी झाली होती. सगळ्यांनी ऐकलं. आण्णांनी पण ऐकलं, एवढं मोठ्यानं ओरडलो होतो. त्यांनी माझ्या मुठीकडं बघितलं. रक्त होतं. मग उतरून मागं पळाले.

चाचा दवाखान्यात पोचेपर्यंत शुद्धीत होता. आण्णांनी त्याचा हात धरला होता. त्याची अंगठी नर्सनं काढून आण्णांच्या हातात दिली. दुपारी चारला डॉक्टर बाहेर आला आणि त्यानं चाचा गेल्याचं सांगितलं.

*

पोलिसांना आण्णांनी एकच सांगितलं. "पोरानं थाप मारली. माझ्या कानाला आली न्हाई." हवालदारानं विचारलं, कान खराब असताना गाडी चालवता? आण्णा म्हणाले, "चुकलं." मी शेजारी उभा होतो. मला वाटलं, खरंच तर आहे. अजून राग गेला नव्हता माझा.

चाचाच्या घरी गेलो तेव्हा खैरूनचाची भिंतीला टेकून बसली होती. आण्णांनी अंगठी तिच्यापुढं ठेवली आणि तेच सांगितलं. कानाला आली न्हाई.

चाचीनं अंगठी उचलून मुठीत घेतली. मग म्हणाली, "आण्णा, ही अंगठी तुमी ऐकायचा की. त्यो सांगायचा घरात. आण्णाला माणसाचं बोलणं येत न्हाई, पर माझी थाप बरोबर येतीया म्हणायचा. दोन वर्षं ऐकलासा. त्या दिवशीच कसं आली न्हाई?"

आण्णांनी तिचे ओठ बघितले. मला वाटलं त्यांना कळलं नसेल. ते म्हणाले, "आली न्हाई बघ भाभी. कान संपला माझा."

मला तेव्हा तरी उमजायला पाहिजे होतं. चाचीनं सरळ पुढ्यात ठेवलं होतं. पण मी चपलांकडं बघत होतो.

गाडी पंधरा दिवसांनी पोलीस स्टेशनमधनं सुटून घरासमोर आली. दुसऱ्या दिवशी चाचीचा भाऊ विम्याच्या माणसाला घेऊन गाडी बघायला येणार होता. सकाळीच आण्णा मला म्हणाले, "कोल्हापूरला जाऊन कानाचे थेंब आण."

"इथं मिळतात की."

"तिथनंच आण. तीच कंपनी पायजे."

मी चिडचिड करत एसटीनं गेलो, आलो. विम्याचा माणूस येऊन गेला होता. आण्णा पायरीवर बसले होते, नखं काळीभोर. ग्रीस असेल म्हटलं. थेंबाची बाटली दिली. त्यांनी ती खिशात टाकली. ती बाटली त्यांनी कधी फोडली नाही.

त्याच आठवड्यात आण्णा लूमवर गेले. दुसऱ्याच्या शेडमध्ये, बारा तासांची पाळी. आई पाया पडली. मी समोर उभा राहून तोंड दाखवून सांगितलं, "आण्णा, उरलेला कान जाईल."

"भैऱ्याला काय भ्या?" आण्णा म्हणाले.

माझ्या शब्दाचाच सूड घ्यालेत असं मला वाटलं. मी पण हट्टी. माफी मागितली नाही. दिवाळीपर्यंत आई बोलताना त्यांच्या खांद्याला हात लावून आधी तोंड वळवून घ्यायला लागली. त्यापुढं त्यांनी कधी हाकेला ओ दिली नाही.

*

पिकअप वर्षभर घरासमोर उभी होती. गिऱ्हाईक येणार म्हणून मी एका दुपारी आत बसून डॅशबोर्ड पुसत होतो. काचा वर, दार लावलेलं. बाहेर गल्लीतली पोरं क्रिकेट खेळत होती, ती दिसत होती, ऐकू येत नव्हती. शीट अजून काम करत होती.

आणि एकदम माझ्या डोक्यामागं टण्ण झालं.

मी दचकलो. बॉल लागला होता मागच्या पत्र्याला. नुसता रबरी बॉल.

मी सीटवरनं उतरलो. मग ड्रायव्हरची सीट पुढं पाडली आणि मागं हात घातला. कोरा पत्रा. गार. शीट नव्हती. दोन थर होते माझे, एक पण नव्हता. दार चाचपलं, तिथं होती. छताला होती. पायाखाली होती. फक्त मागची निघाली होती, कोपऱ्यापासनं कोपऱ्यापर्यंत खरवडून, थिनरनं पुसून. सीटखाली लूमवाल्यांची असते ती छोटी कात्री पडलेली. सुताची टोकं कापायची. आण्णांची. दोन्ही पाती काळ्या रबरानं चिकटलेली.

कोल्हापूरचे थेंब. काळी नखं. विम्याचा माणूस यायच्या आधी.

पोरांनी बॉल परत मारला. टण्ण.

त्या दिवशी पुलावर माझ्या मुठींचा आवाज कसला येत होता ते मला तेव्हा ऐकू आलं. थप थप. कोल्हापूरच्या काउंटरवर मी स्वतः किल्ली मारून बघितला होता तो आवाज. मागं डबल लावतो, असं मीच म्हणालो होतो. चांगल्या कानाचा माणूस जरी आत असता तरी त्याला आली नसती ती थाप. आणि आण्णांना हे कळलं होतं. कधी कळलं, ते मला माहीत नाही. कदाचित पुलावरच, माझ्या मुठी बघताना.

मी कात्री घेतली आणि शेडवर गेलो.

बत्तीस लूम चालू होते. दारातच छातीत हादरा बसतो. आण्णा चौथ्या रांगेत पाठमोरे, तुटलेला धागा जोडत होते. हाक मारून उपयोग नव्हता. मी मागं जाऊन त्यांच्या पाठीवर तळहात मारला. दोनदा.

आण्णांचा हात आपोआप दांड्यावर गेला. लूम थांबला. एकच थांबला, बाकीचे एकतीस चालूच.

ते वळले. मी कात्री पुढं धरली.

त्यांनी कात्रीकडं बघितलं. मग माझ्या तोंडाकडं.

"शीटनं झालं," मी म्हणालो. माझा आवाज मला पण येत नव्हता. "मी लावली. मी सांगतो सगळ्यांना. चाचीला सांगतो. पोलिसात सांगतो. तुम्ही घरी चला आण्णा."

त्यांनी ओठ वाचले. सगळं वाचलं, शेवटपर्यंत, एक शब्द न सोडता. मग त्यांनी बोट उचलून स्वतःच्या ओठावर ठेवलं. त्या तसल्या खडखडाटात. लहान पोराला गप्प करतात तसं.

कात्री माझ्या हातातनं घेतली. पात्याला चिकटलेलं रबर नखानं काढलं. कापडावर एक सुताचं टोक बाहेर आलं होतं, ते कापलं. कात्री खिशात ठेवली.

मग माझा खांदा धरून मला दाराकडं वळवलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

एकच.

मागं लूम चालू झाला.